दगडाबाईनं थापलेला कोन

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर इथंच थांबा. तुमच्या पटण्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो, यात अमावस्या नाही. पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. ज्यांना भूत म्हटलं की मध्यरात्रच लागते, त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. हे घडलं भर दुपारी, वैशाखातल्या रणरणत्या उन्हात, परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावात. निजामाचं राज्य होतं. तिकडे जगात महायुद्ध पेटलं होतं.

घडलं ते माझ्या आईच्या मामांच्या बाबतीत.

दिनकरराव त्यांचं नाव. मुंबईला जाऊन रेडिओचं आणि कर्ण्याचं काम शिकून आले होते. येताना विद्या थोडी आणि तोरा गाडीभर घेऊन आले. गावातली सगळी माणसं त्यांना अडाणी वाटत. तालुक्यातली मूर्ख वाटत. कुणी 'मिस्त्री' म्हणून हाक मारली की ओ देत नसत. साहेब म्हणा, म्हणायचे.

ज्यांच्याकडे ते नोकरीला होते, ते किशनरावही काही कमी नव्हते. कापसाच्या तेजीत हात मारला आणि तंबू टॉकीज काढली. पडदा, इंजिन, मशीन आणि पडद्यामागे एक मोठा विलायती कर्णा. गावोगाव तंबू ठोकायचा आणि सिनेमा दाखवायचा. किशनरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण छापलेल्या कागदावर त्यांचा भारी विश्वास. छापलं म्हणजे खरं!

त्या वैशाखात तंबू राणीसावरगावात होता. आणि कर्णा फाटला.

कर्ण्याच्या आत कागदाचा एक मोठा शंकू असतो. कारागीर त्याला कोन म्हणतात. तोच मागेपुढे थरथरतो आणि आवाज होतो. तोच उभा चिरला. युद्धामुळे विलायतेहून नवा येण्याची सोय नव्हती. किशनरावांनी हैदराबादच्या एका माणसाला निरोप धाडला. नवा कर्णा घेऊन तूच ये आणि इथंच राहा.

म्हणजे दिनकररावांची नोकरी गेल्यात जमा होती.

दिनकरराव भडकले. तंबूत सगळ्यांसमोर म्हणाले, "कोन मी इथं बनवतो. याच गावात. कंपनीच्या कोनाच्या वजनाचा नाही भरला, तर वळकटी उचलीन आणि परत तोंड दाखवणार नाही."

किशनरावांनी कंपनीचं छापील पत्रक काढलं. त्यावर इंग्रजीत वजन लिहिलं होतं. ते दिनकररावांनीच तोळ्यात करून सांगितलं. दोन तोळे.

"ठरलं," किशनराव म्हणाले. "हैदराबादवाला यायला लय येळ हाय अजून. तोवर करून दाव. पर दोन म्हंजी दोन!"

आता कोन बनवायचा कसा?

राणीसावरगावात दगडाबाई नावाची म्हातारी होती. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. जुने कागद भिजवायचे, मेथ्या घालून कुटायचे आणि घडा पालथा घालून त्यावर तो लगदा हातानं थापायचा. थप… थप… थप… एकसारखा, पातळ. वाळला की टोपली उतरवायची. गावातल्या प्रत्येक घरात तिची एखादी टोपली होती. तिच्या हाताला थराची जाडी बरोबर कळायची. दिनकररावांनी सुताराकडून लाकडाचा साचा करून घेतला आणि तिच्यापुढे आदळला.

दगडाबाईला दमा होता. थापता थापता ती थांबायची.

"साहेब, जरा बसते. छातीत वारा ठरंना."

"धाप नंतर लागू दे बाई," दिनकरराव म्हणाले. "आधी थर पुरा कर. मधे थांबलीस तर सांधा दिसतो."

तिनं थर पुरा केला.

शेवटचा हात मारला आणि ती तशीच राहिली. तळवा साच्यावर… तोंड उघडं… डोळे वर. श्वास काही परत आला नाही.

दिनकररावांना वाईट वाटलं का? वाटलं असेल. मला सांगताना एवढंच म्हणायचे, की थर मात्र सुरेख झाला होता.

तिसऱ्या दिवशी ते साचा न्यायला गेले. दगडाबाईची लेक कडूबाई माहेरी आली होती. ती दारात आडवी आली.

"साहेब, आत्ता नगा उतरवू. आमच्यात ज्या हातानं थापलं, त्याच हातानं उतरवायचं असतंय. थापणारी मधीच गेली, तर लेकीनं वर हात ठिवून सांगायचं असतंय, झालं, वाळलं, आता सोड. मला सुतक हाय. फिटलं की मी सांगते. मग न्या."

"कुणाला सांगणार? कागदाला?"

"आईला."

दिनकरराव मोठ्यानं हसले. सुतक फिटायला आठवडा होता आणि हैदराबादवाला त्यानंतरच येणार होता. थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण अडाणी बाईचं ऐकून थांबायचं? त्यांनी साचा पुढ्यात ओढला, कडेत नखं घातली आणि कोन ओरबाडून काढला.

कडूबाई फक्त दोन पावलं मागं सरली.

कोनावर एका जागी तळव्याचा ठसा उमटला होता. चार बोटं आणि अंगठा. दिनकररावांनी तो काचकागदानं घासून सपाट केला.

पुढं सगळं झकास झालं. कडा कापल्या. जुन्या कोनाची तांब्याच्या तारेची गुंडाळी काढून नव्याला चिकटवली. सोनाराकडून तराजू आणला. किशनरावांच्या डोळ्यांदेखत कोन पारड्यात ठेवला.

दोन तोळे. बरोब्बर.

इथं थांबले असते तरी नोकरी वाचली असती. पण तोरा गप्प बसू देईल तर ना! दिनकरराव म्हणाले, "तराजू काय, सोनारही वापरतो. माझी विद्या बघा. कोन कर्ण्यात बसवतो आणि हलता असताना त्याचं वजन काढून दाखवतो. तराजूला हातसुद्धा न लावता."

त्यांच्याकडे स्वतः बनवलेली एक पेटी होती. ती खालपासून वरपर्यंत सूर काढायची. तो सूर कर्ण्यात सोडायचा. प्रत्येक कर्ण्याचा स्वतःचा एक सूर असतो. तो लागला की पेटीवरचा काटा टुणकन वर उडतो. फांदीवर चिमणी बसली तर फांदी भराभरा हलते, घार बसली तर संथ हलते. तसंच इथं. कोन हलका, तर सूर उंच. जड, तर सूर खाली. आधी सूर बघायचा. मग कोनावर तोळाभर मेण चिकटवून पुन्हा बघायचा. किती उतरला, त्यावरून कोनाचं वजन निघतं.

आता यात एक मेख आहे, आणि ती किशनरावांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरली नाही.

कोन हलतो तेव्हा तो एकटा हलत नाही. पुढचा आणि मागचा थोडा वारा बरोबर घेऊन हलतो. त्या वाऱ्यालाही वजन असतं. म्हणून हलत्या कोनाचं वजन तराजूतल्यापेक्षा नेहमी जास्तच भरतं. कंपनीच्या कागदावरचे दोन तोळे वाऱ्याशिवायचे होते. एवढ्या मोठ्या कोनाला सातेक मासे, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडा जास्त, वारा धरायचा. पेटीवर वजन यायला हवं होतं दोन तोळे सात मासे.

आलं चार तोळे.

दिनकररावांनी मेण काढलं. पुन्हा लावलं. तोळाभर मेण… पण सूर उतरायला तयारच नाही. जरासा हलायचा, बस. जड बैलगाडीत कुणी एक पेंढी टाकावी आणि बैलांना पत्ताही लागू नये, तसं.

"तराजूत दोन, पेटीत चार," किशनराव म्हणाले. "मिस्त्री, पेटी खोटी का कोन खोटा?"

"वारा धरावा लागतो, किशनराव."

"दोन तोळे वारा? म्या काय येडा हाय का?"

खरं तर होते. पण या वेळी बरोबर बोलत होते. एवढा वारा नसतो.

दिनकररावांनी कोन पुन्हा काढला आणि तराजूत टाकला.

दोन तोळे.

बसवला. पेटी लावली.

साडेचार.

तराजूत पडून असताना काहीच नाही. हलायला लागला की वजन. म्हणजे कोन हलला की आणखी काहीतरी त्याच्याबरोबर हलत होतं…

पुढचे काही दिवस ते रोज दुपारी तंबूत एकटेच बसायचे. बाहेर चिटपाखरू नसायचं. ऊन असं, की तंबूचं कापड हाताला चटका द्यायचं. आणि त्या उन्हात…

कोन ओला लागायचा.

सगळा नाही. एकाच जागी. दिनकररावांनी बोटानं चाचपलं. ओल चार बोटांच्या आकाराची होती. आणि खाली अंगठा.

त्यांनी स्वतःलाच एक शिवी घातली. मेथीचा चिकटपणा, म्हणाले. ओलावा ओढतो. वैशाखात राणीसावरगावात ओलावा कुठून येणार, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. शहाणी माणसं असले प्रश्न टाळण्यात पटाईत असतात.

मग आवाज.

त्यांनी पेटीच्या तारा काढल्या होत्या. इंजिन बंद. कर्ण्याला कशाचाच स्पर्श नाही. ते मान खाली घालून हिशेब करत होते.

थप…

त्यांनी वर पाहिलं.

काही नाही.

थप… थप…

कर्ण्यातून. हलका, ओला आवाज. मधेच थांबायचा… कुणीतरी दम खावा तसा… आणि पुन्हा सुरू व्हायचा.

थप… थप… थप…

ओल्या लगद्यावर तळवा मारल्याचा तो आवाज त्यांनी आधी ऐकलेला होता. कुठं, तेही त्यांना ठाऊक होतं.

दिनकरराव उठले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. घाबरलो नव्हतो, म्हणायचे. आत उकडत होतं, म्हणायचे.

हैदराबादचा माणूस जवळच्या गंगाखेडपर्यंत आल्याची खबर आली. किशनराव तंबूत येऊन खुर्ची टाकून बसले आणि पत्रक मांडीवर पसरलं.

"काढ वजन. आज शेवटचं. न्हाईतर वळकटी बांध."

दिनकररावांनी पेटी लावली. काटा जेमतेम हलला. हिशेब केला.

सहा तोळे.

माणूस हरायला लागला की आपल्यापेक्षा दुबळं कोण आहे ते आधी शोधतो. दिनकररावांनी कडूबाईला बोलावणं धाडलं. ती आली आणि तंबूच्या दाराशी उभी राहिली. सुतक फिटलं होतं.

"तुझ्या आईनं लगद्यात काय मिसळलं होतं? माती? हे लोक असेच! चार आण्याचं काम दिलं तरी भेसळ करतील!"

"माज्या आईनं जल्मात भेसळ केली न्हाई साहेब."

"मग हे जड का होतंय?"

कडूबाई कर्ण्यापाशी आली. आत वाकून पाहिलं. तिला ओल दिसली.

"ती थापायलीय अजून," ती म्हणाली. "तुमी थांब म्हणलं न्हाई तिला. थर पुरा कर म्हणलाव."

किशनराव खुर्चीत हसले. दिनकरराव मात्र हसले नाहीत.

कडूबाईनं हात पदराला पुसला. ओल होती त्या जागी तळवा अलगद ठेवला. पेटीचा सूर तसाच चालू होता.

"आई," ती म्हणाली. "झालं. वाळलं बग. आता सोड."

काही झालं नाही.

"सोड, आई. दमलीस तू."

तिनं हात काढला.

आणि काटा उडाला. नेहमीच्या जागेवर नाही. दिनकररावांनी सूर वर नेला, आणखी वर नेला, तेव्हा कुठं काट्यानं असं टोक गाठलं की पेटीची काच टिचकी मारल्यासारखी वाजली. त्यांनी मेण लावलं. सूर धाडकन उतरला. हिशेब केला. पुन्हा केला.

"किती?" किशनराव.

"दोन तोळे."

"वर किती?"

"वर… काही नाही."

किशनराव खुर्चीतून उठलेच. पत्रक हवेत नाचवलं. "बरूबर! दोन म्हंजी दोन! कागदावर लिवलंय तसंच! मिस्त्री, जितलास तू! हैदराबादवाल्याला तिकडूनच वापस धाडतो!"

नोकरी वाचली होती. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते झालं होतं.

पण दिनकररावांनी हिशेब तिसऱ्यांदा मांडला. कारण त्या तंबूत एकट्या त्यांनाच कळत होतं, की हे होऊच शकत नाही. दोन तोळे सात मासे यायला हवं होतं. सहा तोळे भुताटकी म्हणून सोडून देता आले असते. पण नुसते दोन? दोन म्हणजे कोन हलतोय आणि त्याच्यापुढं वाराच नाही.

"वाजव की आता!" किशनराव ओरडले.

दिनकररावांनी पेटीच्या तारा काढल्या आणि सिनेमाच्या मशीनच्या तारा जोडल्या. इंजिन धडधडलं. पडद्यावर नटी गाऊ लागली. तिचे ओठ हलत होते.

आवाज आला नाही.

दिनकररावांनी उताण्या ठेवलेल्या कर्ण्यात कोनावर चिमूटभर चुन्याची पूड टाकली. चुना नाचत होता. चांगला उड्या मारत होता. म्हणजे कोन हलत होता. जोरात हलत होता.

आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"तार ढिली आसंल," किशनराव म्हणाले. "वजन तर बरूबर हाय!"

त्या माणसाला कानापेक्षा कागद खरा वाटत होता. दिनकरराव गुडघ्यावर बसले. कान लावून ऐकावं म्हणून कर्ण्यावर वाकले… आणखी वाकले… चेहरा पार कोनाच्या तोंडात गेला…

त्यांनी श्वास घेतला.

आत काही आलं नाही.

पुन्हा घेतला. छाती फुगली नाही. तोंड उघडलं, नाक उघडलं, बरगड्या ताणल्या. चिमूटभरही वारा नाही. मागं सरकायला हवं होतं, पण मानेवर काहीतरी टेकलेलं होतं. जड नाही. ओलं. थोपटल्यासारखं.

थर पुरा कर म्हणाल्यासारखं.

डोळ्यांपुढं काळं झालं.

कुणीतरी सदऱ्याला धरून त्यांना मागं ओढलं. ते जमिनीवर पडले आणि घशातून असा आवाज काढत श्वास घेऊ लागले, की किशनराव पत्रक टाकून तंबूबाहेर पळाले.

वर कडूबाई उभी होती. तिच्या हातात त्यांच्या सदऱ्याची फाटकी कॉलर होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दयाही नव्हती. आपण किड्याकडं बघतो, तसं बघत होती.

"आईला बी असंच झालतं," ती म्हणाली.

दिनकररावांनी त्याच दिवशी वळकटी बांधली. किशनराव थांबवायला आले, कागद दाखवत राहिले, पगार वाढवतो म्हणाले. दिनकररावांनी ऐकलं नाही. जाताना ते कडूबाईच्या दारावरून गेले. कोन तिनं मागून घेतला होता. त्याचं पुढं काय केलं, ते कुणालाच माहीत नाही. हैदराबादवाल्यानं आपला कर्णा लावला आणि तंबू गंगाखेडच्या रस्त्यानं निघून गेला.

मामांनी पुढं आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. तोरा काही गेला नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ते तोंडावर गाढव म्हणायचे. मी एकदा विचारलं, "मग मामा, त्या दिवशी श्वास का अडकला?"

"ऊन लागलं होतं."

"आणि आवाज?"

"तार ढिली असेल."

"आणि दोन तोळे?"

मामांनी बोलायला तोंड उघडलं… ते उघडंच राहिलं. मग त्यांनी दोन-तीनदा मोठमोठे श्वास घेतले, वारा आहे ना ते बघितल्यासारखे.

तो हिशेब मी स्वतः कितीदा मांडून पाहिला आहे. काही केल्या जुळत नाही. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मामांनी ही हकीकत मला अनेकदा सांगितली, पण घरात बसून कधीच नाही. थंडी असो, पाऊस असो, ते उठून अंगणात यायचे, मगच सुरू करायचे.

मीही हे बाहेर बसूनच लिहितोय.